वयनीचा लॅपटॉप

मुलीनं आईला लॅपटॉप घेतला आणि मला शर्ट. शर्ट चांगला होता, निळ्या चौकड्यांचा, मापातही बसला. पण ज्या घरात पहिला कॉम्प्युटर मी आणला, माउस कसा धरायचा हे जिला मी शिकवलं, तिला लॅपटॉप आणि मला शर्ट, ही वाटणी काही माझ्या गळी उतरली नाही. मुलीचं लग्न ठरलं होतं. म्हापशाला नोकरी करते, सासरी जायच्या आधी आईबापाला आपल्या कमाईतलं काहीतरी द्यावं असं तिच्या मनात आलं. तिनं द्यावं, आपण घ्यावं, इतकी साधी गोष्ट. मी "बरो आसा" म्हटलं आणि शर्ट कपाटात ठेवून दिला. घडी अजून मोडलेली नाही.

पेडण्याच्या बाजारात आमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नाच्या, मुंजीच्या पत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, जत्रेची हस्तपत्रकं, गावच्या नाटकाच्या जाहिराती, सगळं करतो. पाटीवर नाव माझं आहे. पाटी रंगवली तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं. तरी गेली काही वर्षं दुकानाची पायरी चढणारा प्रत्येक माणूस आधी आत डोकावतो, माझ्या डोक्यावरून पलीकडे बघतो आणि माझ्या बायकोला शोधत विचारतो, "वयनी खंय?"

"वयनी मासळी हाडूक गेल्या. मी आसां मरे, सांग."

"नाय, तसां काय नाय. वयनी येतकच येतां."

तसं काय नाय म्हणजे तसंच आहे. हरमल, मांद्रे, कोरगाव, कुठल्याही गावचा असो, गिऱ्हाइकाचं उत्तर ठरलेलं. एकानं तर माझ्यासमोर बाकावर बसून वर्तमानपत्र वाचत वहिनीची वाट पाहिली. मी कॉम्प्युटरवर बसलेलो होतो, हात रिकामे होते, आणि याचं निधनवार्तांपर्यंत वाचून झालं तरी हा मला काही सांगेना. बायको भिजलेली पिशवी घेऊन आली तसा हा उठला आणि म्हणाला, "वयनी, थोरल्याची काडलेली तशीच काड." थोरल्याची पत्रिका मी काढली होती.

हे "तशीच काड" आमच्या धंद्याचं मूळ आहे. आमच्याकडे कुणी पत्रिका नव्यानं लिहीत नाही. घरात पहिलं लग्न होतं तेव्हा एकदा ती नीट बसवायची. वर ग्रामदेवता आधी की कुलदैवत आधी, निमंत्रकात आजोबांच्या नावानंतर मोठा काका की गावकार, म्हणजे गावचा मानकरी, म्हणून धाकटा काका, कुठल्या आत्याशी बोलणं बंद आहे आणि तरी तिचं नाव कुठे यायला हवं, हे सगळं एकदा ठरलं की ती त्या घराची पत्रिका झाली. मग पुढच्या भावंडाच्या लग्नात तीच फाइल उघडायची, सेव्ह ॲज म्हणायचं आणि नवरानवरी बदलायची. देव तेच, काका तेच, मंडपही तोच. तालुक्यातल्या कितीतरी घरांची ही पहिली मांडणी माझ्या हातची. कोणाच्या घरात कोण कोणाच्या वर बसतो हे मला त्यांच्या पुरोहितापेक्षा जास्त ठाऊक आहे, असं मी म्हणत असे. बायको त्यावर हसायची. तेव्हा ती फक्त नावं बदलण्याचं काम करायची.

साखळीहून ती लग्न होऊन आली तेव्हा माउस टेबलावरून उचलून हवेत धरायची आणि बाण का हलत नाही म्हणून माझ्याकडे बघायची. मी तिचा हात धरून तो टेबलावर ठेवला. आता कोणी मला विचारलं की गुरूची विद्या गुरूला फळली म्हणजे काय, तर मी त्याला दुकानात घेऊन जाईन.

लॅपटॉप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो पुढच्या टेबलावर बसला. पुढचं टेबल माझं होतं. उजेड तिथे, पंखा तिथे, रस्ता दिसतो तो तिथूनच. जुना कॉम्प्युटर, त्याचा डबा, पडदा, वायरींचा गुंता सगळं उचलून मागे झेरॉक्स मशीनच्या बाजूला गेलं, आणि कॉम्प्युटरमागोमाग खुर्चीसकट मी.

"आयकलां?" बायको म्हणाली. "जुन्यातलां सगळां हेच्यात घालून द्या. मगे माका मागे-फुडे करूक नको."

मी म्हटलं, बरं. म्हणजे पूर्वी मी काढायचो आणि ती नावं बदलायची. आता ती काढणार आणि मी सामान वाहणार.

सामान वाहायला बसलो. पेनड्राइव्ह लावायचा, एका गावाचं फोल्डर त्यात घालायचं, उठायचं, पुढे जाऊन लॅपटॉपात ओतायचं, परत यायचं. जुना कॉम्प्युटर एवढा सुस्त की पार्से गाव पेनड्राइव्हवर चढेपर्यंत माणूस खऱ्या पार्शाला जाऊन येईल. मी पुढे गेलो की बायकोला हातातलं काम थांबवून लॅपटॉप माझ्याकडे सरकवावा लागे. ती सरकवायची, पण खुर्ची सोडायची नाही. मी वाकून, उभ्या उभ्या, पाहुण्यासारखा. समोर नाटकवाली मुलं बसलेली असायची. जत्रेच्या नाटकाची जाहिरात म्हणजे प्रत्येक नटाचा चेहरा एकेका गोलात, आणि प्रत्येकाचा गोल दुसऱ्यापेक्षा मोठा हवा. या गोलांपायी मी एकदा एका अख्ख्या मंडळाला दुकानाबाहेर काढलं होतं. बायकोनं सगळ्यांना हसत हसत पटवलं की कडेला आहे तोच गोल उठून दिसतो. खलनायकसुद्धा खूश होऊन गेला. मी पेनड्राइव्ह काढून मागे आलो.

सगळी गावं वाहून झाली तेव्हा मी म्हटलं, आता उघडून बघ.

तिनं धारगळच्या एका घराची पत्रिका उघडली. सुरुवातीला गणपतीच्या खाली जिथे देवांची नावं हवीत तिथे इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्के, अर्धे कंस आणि वर कुठेतरी एक उलटं प्रश्नचिन्ह. दुसरी उघडली, तशीच. तिसरीत तर वधूच्या जागी नुसते चौकोन. माझी सगळी मराठी त्या लॅपटॉपात शिरली ती अशी भूत लागल्यासारखी बडबडत शिरली.

कारण मला माहीत होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं. मी ज्या मराठी सॉफ्टवेअरवर आयुष्य काढलं त्याची चावी म्हणजे एक बोटभर लांबीचा ठोकळा. तो जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीमागे, पूर्वी प्रिंटरची रुंद वायर लागायची त्या भोकात बसवायचा. ठोकळा बसला तर मराठी, नाहीतर ही बडबड. मी ठोकळा काढून आणला आणि लॅपटॉप चारी बाजूंनी फिरवून पाहिला. असलं भोक त्याला कुठेच नव्हतं. बायकोनं मला ठोकळा हातात घेऊन उभा राहिलेला पाहिलं आणि नजर वळवली. तिनं हसायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

मग तिनं स्वतःच्या फाइली उघडल्या. सगळ्या स्वच्छ. देव जागच्या जागी, काका जागच्या जागी. तेव्हा मला कळलं की गेली कित्येक वर्षं एखादं घर दुसऱ्या मुलाच्या लग्नाला आलं की ती माझ्या फाइलीत नावं बदलतच नव्हती. ती पूर्ण पत्रिका नव्या फॉन्टमध्ये, जो कुठेही उघडतो त्यात, परत टाइप करत होती. घरामागून घर. माझी मांडणी तशीच, पण अक्षर न् अक्षर तिचं.

"माका सांगूक नको होतां?"

"मी सांगलेलां. तुमी आयकूक नाय."

हे खरं असणार. ती सांगत असेल आणि मी हूं हूं करत असेन. पण खरं असल्यानं माझा राग कमी झाला नाही. लोकांना वाटतं, बायकोचा मत्सर कोण करतो, तिचं ते आपलंच की. ज्यांना असं वाटतं त्यांनी एक दिवस स्वतःच्या दुकानात मागच्या खुर्चीवर बसून पाहावं. मला तिच्या बोटांचा हेवा वाटला, तिच्या गिऱ्हाइकांचा वाटला, आणि तिला कोणाचाच हेवा वाटत नाही याचा तर सगळ्यात जास्त.

इंटरनेटवर जुनी मराठी नवी करून देणारं एक पान असतं. त्यात मी माझ्या पत्रिका घालून पाहिल्या. मराठी झाली, पण पहिली वेलांटी घसरली. "चि." चं "िच." झालं, रफार शेजारच्या घरावर जाऊन बसला. प्रत्येक पत्रिकेत शे-दीडशे जागी वेलांटी धरून आणायची. ते मी करत बसलो. दिवसभर झेरॉक्स मशीनच्या उबेत बसून वेलांट्या गोळा करत होतो आणि पुढून आवाज येत होता, "वयनी, हो रंग बरो. वयनी, ह्यां मस्त जालां."

पण मी सगळंच हरलो होतो असं नाही. एक पत्रिका अशी होती की ती बायकोनं टाइप केलेली नव्हती, करूच शकली नसती, कारण त्या घरात हे पहिलंच लग्न होतं. माझ्या मुलीची. ती तरी माझीच, असं मी धरून चाललो होतो. तालुक्यातल्या पोरींच्या पत्रिका काढता काढता आपल्या पोरीची कशी काढायची हे प्रत्येक वेळी थोडं थोडं ठरत गेलं होतं. किनार कुठली, देव कुठल्या क्रमानं, माझ्या वडिलांचं नाव कुठे. यात मी कोणाचा सल्ला घेणार नव्हतो.

ती मी जुन्या कॉम्प्युटरवर काढली. मुद्दाम. ठोकळा बसवला आणि दोन दुपारी मान मोडून काढली. जाड क्रीम कागदावर प्रिंट घेतली आणि संध्याकाळी मुलगी म्हापशाहून आल्यावर तिच्या हातात दिली.

तिनं पूर्ण वाचली. मागेपुढे करून पाहिली. पोर गुणी आहे, लागट बोलत नाही.

"बरी आसा बाबा," ती म्हणाली. "पुण जरा जुन्या काळातली दिसता."

"लग्न जुन्या काळातलांच आसता."

ती हसली. मग म्हणाली, "आईन एक सुरू केल्या. ती पण बघूया मरे."

आईनं सुरू केली आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल. मी कागद परत घेतला आणि त्या रात्री जेवताना भात कमी शिजल्याचं दोनदा बोललो. भात नीट शिजलेला होता.

रविवारी सकाळी नाश्ता आटोपल्यावर दोघी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसल्या. मला बोलावलं. मी उशीर करून गेलो. डिचोलीच्या व्याह्यांकडे आज कच्ची प्रत व्हॉट्सॲपवर पाठवायची होती, त्यांनी नावं तपासली की छपाई. त्यामुळे बायको वराच्या बाजूची नावं एकेक अक्षर बोट ठेवून वाचत होती. आजोबा, आजी, काका, काकी, मामा. परत आजोबा. ती साखळीची, डिचोलीकडची माणसं तिला ठाऊक. एका मामाच्या नावाचा काना चुकला तर ते वर्षानुवर्षं बोलून दाखवतील.

मी मागे उभा राहून पाहिलं. सरळच सांगतो, पत्रिका सुरेख होती. माझ्या पत्रिकेपेक्षा चांगली होती. किनार बारीक, केळीचे दोन खांब आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा. मी कधी मोकळी जागा सोडली नाही, मला वाटायचं गिऱ्हाइकानं पैसे दिलेत तर कागद भरून द्यावा. तिनं सोडली होती आणि ती जागाच सगळ्यात छान दिसत होती. काहीतरी खोड सापडावी म्हणून मी वरून वाचत आलो. देव बरोबर. तारीख, मुहूर्त बरोबर. मुलीचं नाव बरोबर. त्याच्या खाली कंसात, बारीक अक्षरांत, कोणाची कन्या ते.

तिथे लिहिलं होतं: कै., त्यापुढे माझं नाव, मग "व सौ.", त्यापुढे तिचं नाव.

मी परत वाचलं. आपल्या नावामागे कै. कसं दिसतं हे माणसाला सहसा पाहायला मिळत नाही. काय झालं असणार ते मला लगेच कळलं. गेल्या मोसमात तिनं मोरजीच्या एका मुलीची पत्रिका काढली होती, तिचे वडील वारलेले, सगळ्यांनी त्या पत्रिकेची तारीफ केली होती. तीच उघडली, सेव्ह ॲज म्हटलं आणि नावं बदलली. चूक आमच्या धंद्यातली होती, नेहमीची. फक्त एक गोष्ट मला खुपली. मोरजीच्या त्या पत्रिकेत आईच्या नावाआधी श्रीमती होतं. ते तिनं आठवणीनं खोडून सौ. केलं होतं. नवऱ्याला मारून स्वतःचं सौभाग्य मात्र शाबूत ठेवलं होतं.

पाहायचं होतं मला, या दोघींच्या लक्षात कधी येतं ते. मुलीनं किनारीचा रंग एकदा गडद केला, एकदा फिका केला. बायकोनं डिचोलीचे मामा तिसऱ्यांदा वाचले. माझ्या नावावरून दोघींची नजर जात होती आणि सरळ पुढे जात होती. तिथे काही अडतच नव्हतं.

"बाबा, कशी जाल्या?"

"बरी जाल्या."

"मगे धाडूं?" मुलीनं फोन हातात घेतला.

"धाड," मी म्हटलं. "पुण पयलीं माका सांगा, माजां बारावां कधी केलां तुमी?"

दोघींनी माझ्याकडे पाहिलं, मग मी बोट दाखवलं तिथे. मुलगी आधी हसली, मग तिनं तोंडावर हात धरला. बायको हसली नाही. तिचा हात मंगळसूत्राकडे गेला आणि ती खुर्चीवरून उठली. लॅपटॉपपुढची खुर्ची माझ्यासमोर तिनं पहिल्यांदाच सोडली.

"शिव शिव," ती म्हणाली. "माजो हात कसो नाय कापलो."

"अगो, सेव्ह ॲजची चूक ती. तू सौ. करूक इसारलंय नाय, इतक्यां पुरे."

हे मी बोलायला नको होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगी म्हणाली, "आई, असां जाल्यार माणसाचां आयुष्य वाडता म्हणतत," तरी ती स्वयंपाकघरात गेली, मूठभर मीठ आणि सुक्या मिरच्या घेऊन आली आणि मला पूर्वेकडे तोंड करून बसवून माझी दृष्ट काढली. आल्यागेल्याची, वाटेवरच्या बाटेवरच्याची, पुटपुटत. या घरात गेले कित्येक दिवस नजर लावत कोण बसलं होतं हे मला पुरतं ठाऊक होतं, आणि ती नजर लॅपटॉपवर होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मिरच्या तिनं चुलीत टाकल्या.

परत आली तेव्हा तिनं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "माका नाका हात लावूक. तुमीच काडा तां."

मी तिच्या खुर्चीवर बसलो. कै. पुसलं. ओळ मधोमध बांधलेली होती, त्यामुळे ते अक्षर आणि टिंब जाताच माझं नाव थोडं डावीकडे सरकलं, तिचं नावही माझ्यामागून सरकलं, आणि ओळ पुन्हा नीट बसली. इतकी वर्षं विचार करून ठेवलेल्या माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेत माझ्या हातचं काम एवढंच, की मी जिवंत आहे.

"आतां सगळी वाचा," बायको म्हणाली. "माजेर माजो विश्वास नाय आतां. तुमचे डोळे बरे."

किती दिवसांनी कोणीतरी मला काहीतरी करायला सांगितलं होतं जे मलाच येतं. मी चष्मा पुसला आणि गणपतीपासून सुरुवात केली. देव, निमंत्रक, काका, आत्या, मुहूर्त, दोन्हीकडचे मामा, कार्यालयाचा पत्ता. वेलांट्या पाहिल्या, रफार पाहिले, स्वल्पविरामानंतरच्या जागा पाहिल्या. दोघी माझ्या बाजूला उभ्या राहून वाट पाहत होत्या. एवढं मोठं एक सापडलं म्हणजे आणखी एखादं बारीक तरी असणार, निदान एक ऱ्हस्व-दीर्घ, निदान एक सुटलेला अनुस्वार.

शेवटपर्यंत आलो. काहीही नव्हतं.

"बरोबर आसा मरे सगळां?" तिनं विचारलं.

"राव जरा," मी तिला थांबवत म्हटलं, आणि परत पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.